'चार्ज'चे नेमके अर्थ किती? आणि फी, कॉस्ट, अक्यूज हे त्याचे खरे समानार्थी आहेत का?

मुद्रितशोधक यांचा प्रश्न:

इंग्रजीतून मराठी करताना 'चार्ज' हा शब्द फार छळतो. शब्दकोशात अर्थांची रांग असते, पण या वाक्यात त्यातला कुठला घ्यायचा ते कळत नाही. नमुन्यादाखल:

1. द लायब्ररी डझन्ट चार्ज फॉर मेंबरशिप.
2. शी वॉज चार्ज्ड विथ फ्रॉड.
3. शी वॉज चार्ज्ड विथ ड्राफ्टिंग द रिपोर्ट.
4. द बुल चार्ज्ड ॲट हिम.
5. द बँक होल्ड्स अ चार्ज ओव्हर द प्रॉपर्टी.
6. द नर्स अँड हर यंग चार्जेस.
7. अ निगेटिव्हली चार्ज्ड पार्टिकल.
8. द ॲटमॉस्फिअर इन द रूम वॉज चार्ज्ड.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याची ठेवण अगदी सारखी आहे, तरी एकात आरोप आहे आणि दुसऱ्यात काम सोपवलंय. हे वाचताक्षणी ओळखायची काही खूण आहे का? शिवाय समानार्थी म्हणून फी, प्राइस, कॉस्ट, अक्यूज, इंडाइट, अटॅक असे शब्द दिलेले असतात. ते एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरता येतात का? आणि विजेच्या बाबतीत 'भार' म्हणायचं की 'प्रभार'?

---

मूळधातू:

अर्थ पाठ करत बसू नका, आधी मूळ पाहा. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडा. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कारिकारे', म्हणजे गाड्यात माल भरणे. तिथून जुन्या फ्रेंचमधलं 'शार्जे' आणि मग इंग्रजी 'चार्ज'. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ ओझं एवढाच होता. कार, कॅरी आणि कार्गो ही त्याचीच भावंडं. कॅरिकेचरसुद्धा: नाकडोळ्यांवर अतिरेकाचं ओझं चढवलेलं चित्र. फ्रेंचमध्ये 'शार्जे' आजही 'माल चढवणे' याच अर्थाने चालतं, आणि स्पॅनिश 'कार्गार' हे क्रियापद ट्रक भरायलाही वापरतात आणि फोन चार्ज करायलाही.

म्हणून वाक्य समोर आलं की विचारायचं: कोणावर काय चढवलंय? पैशाचा बोजा चढवला की शुल्क. गुन्ह्याचा ठपका ठेवला की आरोप. कामाची जबाबदारी टाकली की कार्यभार. मालमत्तेवर कर्जाचा हक्क बसवला की बोजा. बंदुकीत दारू ठासली तरी चार्जच, त्याला मराठीत 'बार भरणे' असा नेमका वाक्प्रचार आहे. आपल्या 'आरोप' शब्दातही हीच क्रिया आहे. संस्कृतमध्ये आरोपण म्हणजे वर ठेवणे, चढवणे. म्हणून तर आपण आरोप 'ठेवतो'.

हल्ल्याचा अर्थ तेवढा या साच्यात सरळ बसत नाही. तो कसा आला याबद्दल छातीठोक सांगण्यासारखं काही नाही, सरळ वेगळा धरा.

आता तुमची खूण. ती प्रिपोझिशनमध्ये आहे:

- चार्ज फॉर: पैसे. फॉरच्या पुढे सेवा किंवा वस्तू येते.
- चार्ज विथ: गुन्हा किंवा काम (कधी वीज किंवा भावनाही).
- चार्ज ॲट, टुवर्ड्स, इन्टू: धावून जाणे.
- चार्ज टू: खात्यावर मांडणे.
- चार्ज ऑन, ओव्हर: मालमत्तेवरचा बोजा. पण कपॅसिटरच्या (वीज साठवणाऱ्या घटकाच्या) पट्टीवर 'चार्ज ऑन द प्लेट' असेल तर तो अर्थातच विजेचा.

खरी अडचण 'विथ'चीच. तिथे पुढच्या शब्दाचा रंग पाहायचा. 'चार्ज्ड विथ मॅनेजिंग द फंड्स' म्हणजे निधीचं व्यवस्थापन सोपवलं. 'चार्ज्ड विथ मिसमॅनेजिंग द फंड्स' म्हणजे निधीच्या गैरव्यवस्थापनाचा आरोप ठेवला. फरक 'मिस' या एका उपसर्गाचा आणि अर्थ पार उलटा. पुढचं काम स्वतःहून निंद्य असेल तर आरोप, नसेल तर जबाबदारी. तुमच्या यादीतलं तिसरं वाक्य म्हणूनच 'अहवालाचा मसुदा करण्याचं काम तिच्याकडे सोपवलं होतं' असं होईल.

विथ आणि फॉरची अदलाबदलही भोवते. 'ही वॉज चार्ज्ड फॉर द डॅमेज' म्हणजे नुकसानीचे पैसे त्याच्याकडून वसूल केले. 'चार्ज्ड विथ क्रिमिनल डॅमेज' म्हणजे नुकसान केल्याचा फौजदारी आरोप. आपल्याकडच्या इंग्रजीत 'चार्ज्ड फॉर मर्डर' सर्रास दिसतं, ते विथ हवं. नाहीतर खुनाचं बिल लावल्यासारखं वाटतं.

---

बारनिशी:

आरोपाच्या कुटुंबाबद्दल लिहितो, कारण भाषांतरात सगळ्यात महाग पडणाऱ्या चुका इथेच होतात.

अक्यूज कोणीही कोणालाही करू शकतो. शेजारी, बायको, वर्तमानपत्र, कोणीही. त्याला 'ऑफ' लागतं. आरोप करणे, आळ घेणे.

चार्ज मात्र अधिकार असलेली यंत्रणाच करते, ठरावीक कायद्याखालच्या ठरावीक गुन्ह्यासाठी. म्हणून 'शेजाऱ्याने त्याला चार्ज केलं' हे आरोपाच्या अर्थाने चुकीचं. शेजारी फार तर 'प्रेस चार्जेस' करेल, म्हणजे कारवाईचा आग्रह धरेल.

अलेज हे क्रियापद माणसाला लागतच नाही. 'दे अलेज्ड हिम' असं इंग्रजी नाही. 'दे अलेज्ड दॅट...' असंच. त्यात 'असं त्यांचं म्हणणं आहे, सिद्ध झालेलं नाही' हा भाग असतो. 'अलेज्ड थीफ'चं 'चोर' केलं तर तुम्हीच निकाल दिलात. 'कथित' किंवा 'संशयित' हवं.

इंडाइट म्हणजे अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने (नागरिकांच्या पंचमंडळाने) रीतसर आरोप ठेवणे. संघराज्याच्या पातळीवर या ज्युरीत 16 ते 23 जण असतात. पुरावा खटला चालवण्यापुरता आहे का एवढंच ही ज्युरी पाहते. उच्चाराकडे लक्ष द्या, मधला 'सी' मुका आहे, 'इंडिक्ट' नव्हे.

इंपीच म्हणजे सार्वजनिक पदावरच्या व्यक्तीवर त्या पदाच्या नात्याने ठेवलेला आरोप, महाभियोग. याचा अर्थ पदावरून काढणे असा केला जातो, तो चूक. अमेरिकेत अँड्र्यू जॉन्सन (1868), बिल क्लिंटन (1998) आणि डोनाल्ड ट्रम्प (2019 आणि 2021) यांच्यावर प्रतिनिधिगृहाने महाभियोग चालवला, पण सेनेटमध्ये एकालाही दोषी ठरवलं गेलं नाही.

ब्लेमला कायद्याशी देणंघेणं नाही. दोष देणे, खापर फोडणे. त्याला 'फॉर' लागतं.

कन्व्हिक्ट (दोषी ठरवणे) तर चार्जचा समानार्थी नव्हेच. ती शेवटची पायरी. 'चार्ज्ड'चं 'दोषी' करणाऱ्या बातम्या पाहिल्या की कपाळावर हात मारावासा वाटतो.

क्रम असा: आधी अक्यूज, मग चार्ज, मग खटला, मग कन्व्हिक्ट किंवा ॲक्विट (निर्दोष ठरवणे). मराठीत दोन शब्द सांभाळा. पोलीस जे दाखल करतात ते आरोपपत्र (कायद्याच्या मराठीत दोषारोपपत्र), ती चार्जशीट. न्यायालय 'फ्रेम्स चार्जेस' तेव्हा आरोप निश्चित करतं. पहिलं पोलिसांचं म्हणणं आहे, दुसरं न्यायालयाची कृती.

---

जमाखर्च:

पैशाकडे येऊ. फी, कॉस्ट, प्राइस, फेअर हे सगळे 'किती द्यायचे' याबद्दल आहेत, पण कशाबद्दल द्यायचे यावरून शब्द बदलतो.

प्राइस वस्तूला असते, विकणारा मागतो ती. कॉस्ट म्हणजे ती वस्तू बनवायला किंवा मिळवायला पडलेला खर्च. दुकानदाराची प्राइस ही गिऱ्हाइकाची कॉस्ट असते. पैसा तोच, बाजू वेगळी. फी व्यावसायिकाच्या कौशल्याची किंवा संस्थेच्या प्रवेशाची: वकील, डॉक्टर, परीक्षा. फेअर फक्त प्रवासाचं भाडं, तेही वाहनातून जाणाऱ्या माणसाचं. मालाला फेअर नसतं, फ्रेट असतं. जागेच्या भाड्याला रेंट. टोल रस्ता-पूल ओलांडण्याचा पथकर. रेट म्हणजे दर, एका एककामागे. टॅरिफ म्हणजे दरपत्रक, किंवा आयातशुल्क. फाइन म्हणजे दंड, त्याला चार्ज म्हणणं सभ्यपणा असेल पण अर्थ बिघडतो.

चार्ज यांच्यात कुठे बसतो? बहुतेक वेळा सेवेसाठी आणि बहुतेक वेळा मूळ किमतीच्या जोडीला: डिलिव्हरी चार्ज, हँडलिंग चार्ज, सर्व्हिस चार्ज. 'द प्राइस ऑफ द बुक' म्हणतात, 'द चार्ज ऑफ द बुक' नाही. पुस्तक घरपोच करण्याला मात्र चार्ज.

मराठीत नामासाठी 'शुल्क' आणि 'आकार' दोन्ही आहेत. वीजबिलावर 'स्थिर आकार', 'वहन आकार' छापलेलं असतं, तिथे 'शुल्क' घालून नवीन घोटाळा करू नका, कारण वीज शुल्क ही त्याच बिलातली वेगळी ओळ असते. क्रियापद 'आकारणे'. सरचार्ज म्हणजे अधिभार, ओव्हरचार्ज म्हणजे जादा आकारणी, फ्री ऑफ चार्ज म्हणजे विनामूल्य. पहिलं वाक्य 'ग्रंथालय सदस्यत्वासाठी शुल्क आकारत नाही' असं कोरडं करण्यापेक्षा 'ग्रंथालयाचं सदस्यत्व विनामूल्य आहे' हे बरं.

वाक्यरचनेतली एक गोष्ट: चार्जला दोन कर्मं लागतात आणि 'टू' लागत नाही. 'दे चार्ज्ड मी फिफ्टी डॉलर्स' बरोबर. 'दे चार्ज्ड फिफ्टी डॉलर्स टू मी' म्हणायचं नाही. 'टू' आला की अर्थ सरकतो: 'चार्ज इट टू माय अकाउंट' म्हणजे माझ्या खात्यावर मांडा, हिशेबाच्या भाषेत माझ्या नावे टाका.

पाचव्या वाक्यातला 'चार्ज' म्हणजे बोजा. त्याला गहाण म्हणू नका, ते मॉर्गेज. गहाणात मालमत्तेतला काही हक्क कर्ज देणाऱ्याकडे जातो. बोज्यात तसं काही जात नाही, फक्त त्या मालमत्तेतून रक्कम वसूल करता येते. लीन म्हणजे धारणाधिकार: पैसे मिळेपर्यंत हातात असलेली वस्तू अडवून ठेवायचा हक्क. हायपोथिकेशनला नजरगहाण असा सुरेख शब्द आहे, वस्तू कर्जदाराकडेच राहते आणि सावकाराची तिच्यावर फक्त नजर.

---

मुद्रितशोधक:

छान उलगडतंय. अजून दोन शंका. 'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ' यांत खरंच फरक आहे का, की छपाईची चूक? आणि 'डिस्चार्ज'चं काय करायचं? न्यायालयाच्या बातमीत मी 'निर्दोष सुटका' लिहितो.

---

बारनिशी:

'निर्दोष सुटका' ॲक्विटलला. डिस्चार्ज म्हणजे दोषमुक्ती. आरोप निश्चित व्हायच्या आधीच, खटला चालवण्याइतका पुरावा नाही म्हणून सोडणं. ॲक्विटल पूर्ण खटला चालून निकालात होतं. परिणामही वेगळे: ॲक्विट झालेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला सहसा चालत नाही, डिस्चार्ज झालेल्याला तेवढं संरक्षण नसतं. दोन्हीकडे एकच शब्द वापरला तर वाचकाला हे कधीच कळणार नाही.

---

मूळधातू:

'द'मुळे नातं उलटतं. 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड': नर्स सांभाळणारी. 'द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स': मूल तिच्या देखरेखीखाली. सहाव्या वाक्यातले 'चार्जेस' म्हणजे तीच देखरेखीखालची मुलं. 'नर्स आणि तिच्याकडची छोटी मुलं' एवढं साधं पुरे. 'पाल्य' चालेल, पण तो शाळेच्या सूचनाफलकासारखा वाटतो. आणि 'चार्ज नर्स' दिसली तर ती मुलांची नव्हे, त्या पाळीत अख्ख्या वॉर्डची प्रमुख परिचारिका.

पदाच्या बाबतीत: टेक चार्ज म्हणजे पदभार स्वीकारणे, ॲडिशनल चार्ज म्हणजे अतिरिक्त कार्यभार. पण 'ही टुक चार्ज ऑफ द सिच्युएशन'मध्ये पद नाही, 'त्याने सूत्रं हाती घेतली'.

डिस्चार्ज म्हणजे चढवलेलं उतरवणे, मग काय उतरतंय ते बघा. धरणातून पाणी: विसर्ग. जखमेतून: स्राव. कर्ज: फेड. कर्तव्य: पार पाडणे. सैन्यातून: सेवामुक्ती. रुग्णालयातून 'घरी सोडलं'. उलट बाजूला रीचार्ज: भूजलाच्या संदर्भात पुनर्भरण, फोनच्या संदर्भात रिचार्जच.

हल्ल्याचंही उरकून टाकतो. अटॅक कसाही होतो, लांबून, शब्दांनी, रोगाचासुद्धा. चार्जला धावणारे पाय लागतात. सरळ, वेगात, समोरून. म्हणून बैलासाठी 'मुसंडी मारली' याहून चांगला शब्द नाही. सैन्यासाठी चाल करून जाणे. रेड म्हणजे धाड, येऊन लुटून परत जाणे. स्टॉर्म म्हणजे हल्ला करून आत घुसणे आणि काबीज करणे. बॅटन चार्जला आपला लाठीमार.

---

कूलोम:

विजेच्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही म्हणून.

'प्रभार' लिहा. 'भार' हा लोडसाठी आधीच गुंतलेला आहे (भारनियमन आठवा), आणि भौतिकशास्त्रात वजनासाठीही वापरतात. धनप्रभार, ऋणप्रभार, प्रभारित कण. सातवं वाक्य म्हणजे 'ऋणप्रभारित कण'. उपकरणाबद्दल लिहिताना मात्र 'फोन प्रभारित करा' असं कोणी म्हणत नाही, तिथे 'चार्ज करा' हेच मराठी.

हा अर्थ बहुधा बंदूक-तोफेत दारू भरण्यावरून आला. लेडन जार, म्हणजे वीज साठवायची काचेची बरणी, 1745-46 च्या सुमारास निघाला, त्यात वीज 'भरायची' आणि एका ठिणगीत 'उडवायची'. बेंजामिन फ्रँकलिनने त्याच तत्त्वावर काचेची अनेक तावदानं जोडली आणि 1749 मध्ये त्या संचाला 'बॅटरी' म्हटलं, तोफांच्या रांगेचं नाव. म्हणजे बॅटरी तर तोफखान्यातून आलीच, चार्जही बहुधा तिथूनच.

तांत्रिक मजकुरात एक घोळ कायम होतो. प्रभाराचं एकक कूलोम. इलेक्ट्रॉनचा (ऋण) प्रभार 1.602176634 × 10⁻¹⁹ कूलोम, ही किंमत मे 2019 पासून व्याख्येनेच पक्की केली आहे. बॅटरीवर मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात, तेही प्रभाराचंच माप: एक मिलिअँपिअर-तास म्हणजे 3.6 कूलोम. 5000 ची बॅटरी म्हणजे 18,000 कूलोम. पण हा प्रभार बॅटरीत 'साठत' नाही. एका टोकातून जेवढा आत जातो तेवढाच दुसऱ्या टोकातून बाहेर पडतो. साठते ती रासायनिक ऊर्जा, तिचं एकक वॅट-तास. 5 अँपिअर-तास गुणिले 3.7 व्होल्ट, म्हणजे 18.5 वॅट-तास. म्हणून 'द बॅटरी होल्ड्स इट्स चार्ज'चं 'बॅटरी प्रभार धरून ठेवते' असं भाषांतर केलं तर ते भौतिकशास्त्राला धरून नाही. 'चार्जिंग टिकतं' म्हणा. 'कपॅसिटर होल्ड्स चार्ज' असेल तर प्रभार चालेल, तिथे पट्ट्यांवर तो खरोखर असतो (एकीवर धन, दुसरीवर तेवढाच ऋण).

आठव्या वाक्यातला 'चार्ज्ड'. मराठीत 'भारलेलं वातावरण' आहे, पण जपून. 'भारलेलं' म्हणजे मंत्रमुग्ध, चांगल्या अर्थाने. इंग्रजी 'चार्ज्ड' बहुधा भांडण पेटायच्या आधीचं असतं, तिथे 'खोलीत तणाव जाणवत होता'. मैफिलीचं वर्णन असेल तर 'भारलेलं' चपखल.

---

जमाखर्च:

राहिलेले किरकोळ: भट्टीचा 'चार्ज' म्हणजे एका वेळी आत टाकलेला माल, झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी. फ्रिजच्या दुरुस्तीत 'गॅस चार्ज करणे' म्हणजे गॅस भरणे. 'चार्ज कार्ड' आणि क्रेडिट कार्ड एक नव्हेत, पहिल्यात बिल महिनाअखेरीला पूर्ण फेडावं लागतं, थकबाकी पुढे ओढता येत नाही. जुन्या कथेत 'नाइट ऑन हिज चार्जर' आला तर तो लढाईचा घोडा. जेवणाच्या टेबलाच्या वर्णनात 'चार्जर' आला तर ताटाखाली ठेवायची मोठी थाळी. दोन्हींना वायर नसते.